आठ बोटांची गल्ली

मी पियानो जुळवतो. वय एकाहत्तर.
कान शाबूत आहेत, गुडघे नाहीत.
माँट्रियलच्या जानेवारीत लाकूड आक्रसतं,
तारा उतरतात,
आणि लोकांना माझा नंबर आठवतो.

सेंट अँटोइन रस्त्याच्या खाली, रुळांच्या अंगाला,
जी काही घरं उरली आहेत
तिथला पियानो मी अंधारातही ओळखेन.
वरच्या सप्तकात हस्तिदंत तिरपा झिजलेला,
लंगडणाऱ्या माणसाच्या टाचेसारखा.
ही झीज एल्फ्रिडा ग्रीनिजची.
तिने त्या घरात कधी पाऊल टाकलं नसलं, तरीही.

तिचा बाप बार्बाडोसचा, रेल्वेत हमाल.
शयनयानात त्याला सगळे जॉर्ज म्हणत.
नाव होतं ऑर्विल.
ती त्याच गाड्यांच्या चादरी धुवायची,
आणि एका सोमवारी इस्त्रीच्या रुळांनी
चादरीबरोबर तिचा उजवा हातही ओढून घेतला.
करंगळी गेली,
आणि तिच्या शेजारची, जिला नावच नाही, ती.

सहा महिन्यांनी ती 'निळ्या किटली'च्या तळघरात
पुन्हा पियानोवर बसली.
वरचा सूर आता हाताला लागत नव्हता.
मग त्या जागी ती थांबायची.
नुसती थांबायची,
आणि लोकांनी मनात तो सूर म्हणून घेतला
की अंगठा खालून यायचा, उशिरा,
दार न वाजवता आत येणाऱ्या शेजाऱ्यासारखा.

त्या थांबण्याचं काय झालं ते सांगतो.
सॅक्सोफोनवाला लेमुएल तिथे श्वास घ्यायला लागला.
ढोलवाल्याने तिथली काठी उचलूनच धरली.
रविवारी चर्चमध्येही
भजनाच्या मधोमध एक फट पडायला लागली,
पाद्री तिच्यावर रागावला,
आणि पुढे तिथेच घसा खाकरू लागला.
शिकागोहून नावाजलेले वादक यायचे,
आणि त्या फटीत पडायचे,
जिन्याची पायरी चुकावी तसे.
आम्ही हसायचो. आमची पोरंसुद्धा पडायची नाहीत.

कारण आम्ही पोरं दोन बोटं मुडपून वाजवायचो.
तिला ते कळलं की पट्टी बसायची.
"यंत्राने खाल्ली का तुझी?
दहा दिलीत तर दहा वापर!"
दहा वापरायचो. तिच्यासमोर.
घरी आलो की पुन्हा आठ.

एकदा एका कंपनीने तिची तबकडी काढली.
यंत्रापाशी बसलेल्या साहेबाला वाटलं, बाई चुकते आहे.
रात्री दुसऱ्या कुणाला तरी बसवून
त्याने सगळ्या फटी लिंपून घेतल्या.
ती तबकडी आहे माझ्याकडे.
सुंदर आहे.
कुणाचीही असू शकते.

पुढे महामार्ग आला.
घरांवर खडूने फुल्या पडल्या.
बाहेरच्या वळणदार जिन्यांवरून पियानो उतरेनात,
तेव्हा काही दोरांनी सोडले,
काही नुसतेच सोडले.
बर्फात पडलेल्या पियानोचा आवाज
मी पुन्हा कुठे ऐकलेला नाही,
आणि कुणाला वाजवूनही दाखवणार नाही.
ती बहिणीकडे हॅलिफॅक्सला गेली.
पत्र आलं नाही.

गेल्या मंगळवारी नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर,
हैतीहून आलेल्या एका घरात गेलो.
पियानो जुना, कुठल्याशा लिलावातला.
नऊ वर्षांची मिर्लांद म्हणाली, बघा मला काय येतं.
वाजवताना वर गेली,
आणि थांबली.
मग अंगठा.

कुणी शिकवलं?
"कुणी नाही. तिथल्या पट्ट्या खाली गेल्यात ना,
बोट नीट टेकतच नाही."

आईने विचारलं, ते दुरुस्त होईल का?
मी झाकण उघडलं, तारा ताणल्या,
मधला षड्ज दोनदा तपासला.
होईल, म्हटलं. पण सामान मिळत नाही हल्ली.

सामान पिशवीतच होतं.
लिफ्ट बंद होती.
अकरा मजले, एकेक पायरी,
गुडघे मोजत उतरलो.